निरोप पोचल्यानंतर

२०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीला यवतमाळ जिल्ह्यात कपाशी माणसाच्या उंचीला आली होती. पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्याच्या तोंडासमोरच झाडाचा शेंडा येई, आणि औषध पिकावर बसण्याआधी अंगावर, डोळ्यांत, श्वासात जाई. त्या काही आठवड्यांत वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. फवारलेली औषधं एकाच प्रकारची नव्हती, बरेचदा दोन-तीन एकत्र कालवलेली होती; पण त्यांतला एक मोठा गट ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातला. या विषाची बाधा झालेला रोगी कसा दिसतो, हे विदर्भातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या नर्सला विचारा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला दरदरून घाम. नाडी मंद, आणि छातीत घरघर, कारण फुप्फुसांत स्राव साचत चाललेला. दंडा-मांडीच्या कातडीखाली स्नायू आपोआप थरथरत असतात.

ही लक्षणं वरवर एकमेकांशी फटकून आहेत. बाहुलीचा लाळेशी काय संबंध, आणि लाळेचा दंडाच्या स्नायूशी? संबंध ॲसिटिलकोलीन या एका रेणूचा आहे. या सगळ्या ठिकाणी मज्जातंतूचं टोक हाच रेणू सोडतं, पलीकडची पेशी तो ओळखते आणि आपापलं काम करते: कुणी आकुंचन पावते, कुणी स्रवते. निरोगी शरीरात हा रेणू क्षणभरही टिकत नाही. त्याच फटीत ॲसिटिलकोलीनएस्टरेज नावाचं विकर बसलेलं असतं आणि त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन तोडून टाकतो. ऑर्गॅनोफॉस्फेट नेमकं या विकराला जखडतं. म्हणजे विषाने शरीरात नवा हुकूम काही सोडलेला नसतो. निरोप शरीराचाच, रोजचाच. तो पुसणारं कुणी उरलेलं नसतं.

पेशींच्या आपसातल्या बोलण्याविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना विषबाधेपासून सुरू करणं काहींना खटकेल. पण या विषयावरची पाठ्यपुस्तकं चाळली की माझी एक तक्रार असते. एका पेशीतून रेणू निघतो, दुसरीच्या पटलावरच्या रिसेप्टरला चिकटतो, आत एक साखळी सुरू होते, शेवटी एखादं विकर किंवा जनुक कामाला लागतं. बाणामागून बाण. आकृतीत चूक काही नाही, पण निरोप पोचला की ती संपते. निरोप धाडणं पेशीला तुलनेनं सोपं जातं. तो वेळेवर मिटवणं हे तिचं अवघड काम, आणि आपल्या ओळखीचे कितीतरी आजार, विषं आणि औषधं या मिटवण्याच्या यंत्रणेतच हात घालतात. पुढच्या प्रकरणांत रेणूंची नावं पुष्कळ येतील. ती लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही. प्रत्येक वेळी ‘हा निरोप थांबतो कसा?’ एवढा एक प्रश्न वाचकाने स्वतःला विचारावा.

मज्जातंतू रसायनांतून बोलतात, याचा पहिला पुरावाही ॲसिटिलकोलीननेच दिला. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही कुठल्याही साध्या प्रयोगशाळेत करता येईल असा आहे. बेडकाची दोन हृदयं क्षारद्रावणात धडधडत ठेवायची. एकाला व्हेगस मज्जातंतू जोडलेला, दुसऱ्याचा काढून टाकलेला. व्हेगसला विजेचा हलका धक्का दिला की पहिलं हृदय मंदावतं. लोवींनी त्या हृदयातलं द्रावण काढून दुसऱ्यात घातलं, आणि ज्याला मज्जातंतूच नव्हता तेही मंदावलं. हा प्रयोग आपल्याला स्वप्नात सुचला, रात्री खरडलेली चिठ्ठी सकाळी वाचता येईना, दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडल्यावर पहाटे तीनला उठून थेट प्रयोगशाळा गाठली, असं लोवी पुढे सांगत. ही हकिगत इतकी रंगतदार आहे की तिच्यापुढे त्यांचं १९२६ मधलं काम कुणाला आठवत नाही. मला ते जास्त मोलाचं वाटतं. हृदयाच्या ऊतीतच हा पदार्थ झपाट्याने नष्ट होतो आणि फायसोस्टिग्मिन दिलं तर तो नाश थांबतो, हे लोवी आणि त्यांचे सहकारी नवरातिल यांनी त्यात दाखवलं. फायसोस्टिग्मिन मिळतं पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलबार नावाच्या शेंगेच्या बियांतून. तिथे पूर्वी आरोपीला दिव्य म्हणून या बिया खाऊ घालत. जगला तर निर्दोष. पुढे १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशकं शोधत होते, तेव्हा त्यांच्या हाती टाबून लागलं. सारीनही त्याच कुळातलं. आरोपीला चारायच्या बिया, युद्धातला विषारी वायू आणि कपाशीवरचं औषध, तिघांचाही रोख त्याच विकरावर असतो.

यवतमाळच्या रोग्याला पहिल्यांदा टोचलं जातं ते ॲट्रोपिन. ते विकराला हात लावत नाही. ॲसिटिलकोलीनच्या काही रिसेप्टरांवर स्वतः जाऊन बसतं, काहीच करत नाही, आणि जागा अडवतं. निरोप पुसता येत नाही तर तो ऐकूच जाऊ द्यायचा नाही. छातीतला स्राव सुकेपर्यंत डॉक्टर डोस वाढवत नेतात. स्नायूंवरचे रिसेप्टर मात्र वेगळ्या जातीचे असल्याने ॲट्रोपिन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून छाती मोकळी होऊनही श्वासाचे स्नायू थकतात आणि रोगी व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. (सकाळचा चहाही याच जातीची युक्ती करतो. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साचत जातं आणि झोपेची आठवण करून देतं. कॅफीन ॲडिनोसिनच्या रिसेप्टरवर जाऊन गप्प बसतं. झोप उडाली असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात तिचा निरोप दाराबाहेर ताटकळत असतो.)

फटीतून पलीकडे जाणारा निरोप एका मीटरच्या वीस अब्जांश भागाएवढंच अंतर कापतो. रक्तातून जाणाऱ्याची गोष्ट निराळी. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. मग आतड्याचं अस्तर खरवडून, आम्लात खलून शिरेतून टोचलं, तरी तेच घडलं. तो सिक्रेटिनचा शोध, आणि संप्रेरकांच्या विज्ञानाचा आरंभ. रक्तातला निरोप सगळ्यांच्या दारावरून जातो. ज्याच्याकडे रिसेप्टर आहे त्यालाच तो ऐकू येतो, आणि ऐकून काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. घाबरलेल्या माणसाच्या रक्तातलं तेच ॲड्रेनॅलिन कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, हृदयाचा वेग वाढवतं आणि यकृताला साठवलेली साखर सोडायला लावतं. रेणूत यांतला एकही अर्थ लिहिलेला नाही.

यकृतापाशी थोडं थांबू, कारण पेशीच्या आत काय घडतं याचा पहिला धागा तिथे सापडला. अमेरिकेत क्लीव्हलँडला अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यांनी १९५० च्या दशकात यकृताच्या पेशी फोडून त्यांचा रस केला. ॲड्रेनॅलिन घातलं की रसात ग्लायकोजेन तोडणारं विकर जागं होई. तोवर असा समज होता की संप्रेरकाचा परिणाम पाहायला पेशी अखंडच हवी. आता गंमत अशी, की त्या रसातला पटलांचा गाळ काढून टाकला तर ॲड्रेनॅलिन घालूनही काहीच होईना. नुसत्या गाळावर ॲड्रेनॅलिन घालून निघालेला द्रव गाळ नसलेल्या रसात मिसळला, की विकर जागं. हा द्रव उकळला तरी त्याची ताकद जात नव्हती, म्हणजे ते प्रथिन नव्हतं. ॲड्रेनॅलिन बाहेर पटलापाशीच राहत होतं आणि आत एक दुसराच छोटा रेणू तयार होत होता: सायक्लिक एएमपी. याला सदरलँड यांनी दुसरा संदेशवाहक म्हटलं. अनेकांचा सुरुवातीला विश्वास बसला नाही. इतकी वेगवेगळी संप्रेरकं आणि आतला निरोप्या एकच, हे पटायला जड होतं. १९७१ चं वैद्यकाचं नोबेल सदरलँड यांना एकट्याला मिळालं.

हा आतला रेणूही टिकू नये याची सोय पेशीने केलेली असते. फॉस्फोडायएस्टरेज नावाची विकरं त्याला सतत तोडत राहतात. त्याच्यापुढची पायरी म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट चढवणं, ज्यासाठी फिशर आणि क्रेब्ज यांना १९९२ चं नोबेल मिळालं. तिथेही चढवणाऱ्या विकरांच्या जोडीला उतरवणारी असतातच. माणसाच्या पेशींत फॉस्फेट चढवणारी विकरं पाचशेच्या वर आहेत. प्रत्येक पायरीवर एका रेणूचे अनेक होतात, म्हणून ॲड्रेनॅलिनच्या मूठभर रेणूंनी साखरेचे असंख्य रेणू सुटतात. आवाज असा पटीपटीने वाढवणाऱ्या यंत्रणेला पायरीपायरीवर लगाम नसता, तर एका दचकण्यात यकृत रितं झालं असतं.

पण बाहेरच्या रिसेप्टरपासून आतल्या विकरापर्यंत निरोप नेतं कोण? मार्टिन रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांना १९९४ चं नोबेल या मधल्या प्रथिनासाठी मिळालं. त्याला जी-प्रथिन म्हणतात. ते जिन्यातल्या त्या दिव्यासारखं आहे, जो बटण दाबलं की लागतो आणि ठरलेल्या वेळाने आपला आपण विझतो. रिसेप्टरने टोकलं की जी-प्रथिन जीटीपी नावाचा रेणू पकडतं आणि चालू होतं; मग तोच जीटीपी स्वतः तोडतं आणि बंद होतं. बंद होण्याचं घड्याळ त्याच्या अंगातच बसवलेलं आहे.

हे घड्याळ मोडलं तर काय होतं, हे महाराष्ट्रातल्या गावांनी जी-प्रथिनाचं नाव कुणी ऐकण्याच्या कितीतरी पिढ्या आधी सोसलं. पटकी. वेशीवरची मरीआई तिचीच देवता. पंढरपूरच्या वारीला जाणाऱ्यांना कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे, ते आठवणारी माणसं अजून आहेत. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात पटकीचा जिवाणू वेगळा केला, पण माणूस मरतो कशाने ते पाऊणशे वर्षं नीट कळलं नव्हतं. विष रक्तात भिनत असावं अशी समजूत होती. कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी ती मोडली. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधायचा, त्यात जिवाणू सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. तुकडा पाण्याने टम्म फुगलेला असे. १९५९ मध्ये त्यांनी दाखवलं की जिवाणू गाळून टाकले आणि ते ज्यात वाढले तेवढा द्रव घातला तरी आतडं फुगतं. म्हणजे जिवाणू विष बाहेर सोडतो आणि ते आतड्यातच काम करतं. साधनं अगदी तुटपुंजी, प्रयोग इतका नेटका. अमेरिकन नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवलं. आपल्याकडच्या विज्ञानसंस्थांनी त्यांच्या हयातीत त्यांची फारशी दखल घेतली नाही, आणि १९८५ मध्ये ते गेले. याची खंत वाटते म्हणूनच इथे जरा रेंगाळलो.

ते विष नेमकं काय करतं, हे पुढे उलगडलं. त्याचा एक तुकडा आतड्याच्या पेशीत शिरतो आणि जी-प्रथिनावर एक रासायनिक गाठ मारतो. त्या गाठीमुळे प्रथिनाला जीटीपी तोडता येत नाही. दिवा लागलेलाच राहतो, सायक्लिक एएमपी बनतच राहतं, आणि पेशी क्लोराइड बाहेर सोडत सुटते. त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं, माणूस दिवसभरात सुकून जातो. बाकी सगळ्या पायऱ्या ठाकठीक असतात. न विझलेल्या एका प्रथिनाने हे घडवलेलं असतं.

इलाजही पेशीच्या याच बारकाव्यातून निघतो. गाठ सोडवता येत नाही, पण साखर आणि सोडियम जोडीने आत घेणारं पेशीचं दुसरं दार विषाने बंद झालेलं नसतं. मीठ-साखरेचं पाणी त्या दाराने आत जातं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचा सलाइनचा साठा संपत आला, तेव्हा त्यांनी पिंपात कालवलेलं हे पाणी रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. पेशी चार-पाच दिवसांत झडून जातात, नव्या येतात, आणि त्यांच्यातलं घड्याळ पुन्हा चालू असतं. तोवर माणूस टिकवायचा, एवढंच डॉक्टरच्या हाती.

सगळेच निरोपे पटलावर थांबत नाहीत. छातीत दुखू लागलं की जिभेखाली ठेवायची गोळी घराघरांत असते. तिच्यातून शेवटी निघतो तो नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू, जो पटलातून सरळ आरपार जातो आणि रक्तवाहिनीच्या स्नायूला सैल करतो. आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर स्वतःही तो बनवतं. रॉबर्ट फर्चगॉट यांना ही गोष्ट उमगली ती प्रयोगासाठी कापलेल्या रक्तवाहिनीचं अस्तर घासलं जातंय की शाबूत राहतंय, यावर परिणाम बदलतो हे लक्षात आल्यावर. या वायूला मिटवायला वेगळं कुणी लागत नाही, तो काही सेकंदांत आपोआप विरून जातो. १८९६ मध्ये हृदयविकारासाठी आल्फ्रेड नोबेल यांना डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरिन सुचवलं होतं, ज्याच्यापासून त्यांनी डायनामाइट केला तेच.

वायूचाच, पण अगदी उलट्या चालीचा निरोप कोकणात दर उन्हाळ्यात अढीत चालतो. गवतात लावलेल्या आंब्यांपैकी एक पिकू लागला की त्यातून इथिलीन सुटतं आणि शेजारचे पिकू लागतात. पिकणारे आणखी इथिलीन सोडतात. आपल्याला वाटेल, इथिलीन रिसेप्टरला जागं करत असेल. वनस्पतींत घडतं ते असं: इथिलीन नसताना रिसेप्टर जागाच असतो आणि पेशीला सतत ‘नको’ म्हणत असतो. इथिलीन येऊन त्याला गप्प करतं. पिकण्याची सगळी तयारी आधीपासून असते, फक्त मनाई उठायची असते. कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेले आंबे आपल्याकडे बेकायदा आहेत. त्यातून निघणारं ॲसिटिलीन हीच मनाई उठवतं, पण सोबत आर्सेनिकसारखी घाण आणतं.

निरोप मिटवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे कमी ऐकणं. सारखं ॲड्रेनॅलिन मिळालं की पेशी रिसेप्टरवर फॉस्फेटची खूण करते, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं, आणि रिसेप्टर आत ओढला जातो. हे रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या गटाने उलगडलं. दम्याचा पंप वारंवार ओढणाऱ्याला तो हळूहळू कमी लागू पडतो, त्याच्या मुळाशी हेच. इन्शुलिनच्या बाबतीत हे कमी ऐकणं फार दूरवर जातं. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तात इन्शुलिन असतं, सुरुवातीला तर भरपूर असतं, आणि पेशी दाद देत नाहीत; दोष बहुधा रिसेप्टरच्याही पुढच्या, आतल्या साखळीत असतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या बाळांची इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली, तेव्हा सरासरी वजन २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो निघालं. पण आपल्या बाळांचे स्नायू जितके कमी होते, तितकी चरबी कमी नव्हती. काडीसारखा दिसणारा माणूसही मधुमेही का होतो, याची सुरुवात गर्भातच शोधावी लागते. हा भाग स्वतंत्र पुस्तकाचा आहे, म्हणून इथे एवढंच.

पटकीच्या विषाने जे घड्याळ मोडलं, तसंच घड्याळ रॅस नावाच्या एका छोट्या प्रथिनातही आहे. वाढीचा निरोप आत नेणं हे त्याचं काम: जीटीपी पकडलं की चालू, तोडलं की बंद. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत असं आढळलं की रॅसच्या बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन बसलंय. जनुकातलं एक अक्षर बदललेलं, आणि तेवढ्याने प्रथिनाला जीटीपी नीट तोडता येत नव्हतं. वाढा, वाढा हा निरोप चालूच. आतड्याच्या पेशी झडल्या की पटकीची गाठ त्यांच्याबरोबर जाते; रॅसमधला बदल मात्र पेशी दुभंगली की दोन्ही लेकींना मिळतो.

जवळजवळ चार दशकं रॅसवर औषध निघू शकणार नाही असंच मानलं जात होतं. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे, औषधाला धरायला खाच नाही, आणि जीटीपी त्याला इतकं घट्ट चिकटतं की त्याला हुसकावणं अशक्यप्राय. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला केव्हन शोकॅट यांच्या गटाला रॅसच्या एका बदललेल्या रूपात, जिथे बाराव्या जागी सिस्टीन असतं, एक खाच सापडली. ती प्रथिन बंद असतानाच उघडते. २०२१ मध्ये सोटोरॅसिब हे त्या खाचेत बसणारं औषध अमेरिकेत फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. चालू रॅसशी ते झगडत बसत नाही. अधूनमधून क्षणभर विझणारं प्रथिन गाठतं आणि तसंच विझलेलं धरून ठेवतं. बऱ्याच रोग्यांत गाठी आक्रसतात. मग काही महिन्यांनी गाठीतल्या काही पेशी दुसऱ्या एखाद्या रिसेप्टरवाटे तोच निरोप पुन्हा चालू करतात, आणि सध्याचे प्रयोग त्या दुसऱ्या वाटाही सोबतच अडवता येतील का, हे तपासत आहेत.